एपिस्कोपल पॅरिशमधील प्रापंचिकांचे नेतृत्व : उगम, मर्यादा आणि आजचा पेच

प्रस्तावना

‘एपिस्कोपल’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘एपिस्कोपोस’ या शब्दावरून आला असून त्याचा अर्थ ‘देखरेख करणारा’, म्हणजेच बिशप, असा होतो. बिशपाच्या नावाने ओळखला जाणारा अमेरिकेतील हा ख्रिस्ती पंथ मात्र आपल्या घडणीच्या काळात सुमारे पावणेदोनशे वर्षे बिशपावाचून वाढला. ही विसंगती केवळ शब्दापुरती नाही. या पंथाच्या स्थानिक मंडळीत, म्हणजे पॅरिशमध्ये, धर्मगुरुपदाची दीक्षा न घेतलेल्या सामान्य सभासदांना जे स्थान लाभले आहे, त्याचे मूळ याच विसंगतीत आहे.

अशा सभासदांसाठी मराठी ख्रिस्ती लेखनात ‘प्रापंचिक’ हा शब्द रूढ आहे व प्रस्तुत लेखात तोच योजिला आहे. एपिस्कोपल चर्च हे अँग्लिकन परंपरेचे अमेरिकेतील रूप होय. महाराष्ट्रातील अँग्लिकन मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये विलीन झाल्या. त्यामुळे पाळक आणि निवडून आलेली समिती यांनी मिळून मंडळीचा कारभार पाहण्याची पद्धत येथील वाचकास अगदीच अपरिचित नाही. तथापि अमेरिकेत ही पद्धत ज्या वाटेने आली ती वाट निराळी आहे.

प्रापंचिकांचे नेतृत्व म्हणजे आधुनिक लोकशाहीने धर्मसंस्थेवर केलेला संस्कार, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. एपिस्कोपल पॅरिशमध्ये प्रापंचिक पुढे आले ते प्रामुख्याने कोणाच्या तरी अनुपस्थितीमुळे : आधी बिशपाच्या आणि आता धर्मगुरूच्या. अभावातून मिळालेला अधिकार स्वतःच्या बळावर उभा राहू शकतो काय, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

बिशपावाचून पावणेदोनशे वर्षे

१६०७ मध्ये जेम्सटाउनची वसाहत वसली व तिच्याबरोबर इंग्लंडचे चर्च व्हर्जिनियात आले. बिशप मात्र आला नाही. लंडनच्या बिशपाची या वसाहतींवर नाममात्र देखरेख होती, पण तो अटलांटिकच्या पलीकडे. धर्मगुरू व्हावयाचे असल्यास उमेदवारास समुद्रप्रवास करून इंग्लंड गाठावे लागे. त्या प्रवासाचा खर्च व धोका पत्करणारे थोडेच असत. साहजिकच धर्मगुरूंचा तुटवडा कायमचा होता.

ही पोकळी ‘वेस्ट्री’ने भरून काढली. वेस्ट्री म्हणजे मुळात धर्मगुरूंची वस्त्रे ठेवण्याची खोली. तेथे पॅरिशची बैठक भरे, म्हणून बैठकीस व पुढे समितीसही तेच नाव पडले. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशसाठी १२ जणांची वेस्ट्री ठरवून दिली. तीत जागा रिकामी झाली की उरलेले सदस्यच नवा सदस्य निवडीत. कर बसविणे, गोरगरिबांची व अनाथांची सोय लावणे, जमिनीच्या हद्दी पायी फिरून तपासून घेणे, अशी आज ग्रामपंचायत वा तलाठी यांच्याकडे जातील ती कामेही तिच्याकडे होती. कर तंबाखूच्या रूपाने भरला जाई आणि धर्मगुरूचे वेतनही तंबाखूतच ठरे : १६९६ च्या कायद्याने ते वर्षाला १६,००० पौंड तंबाखू इतके होते.

वेस्ट्रीचे धर्मगुरूशी असलेले नाते येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. कायद्यानुसार वेस्ट्रीने धर्मगुरूचे नाव गव्हर्नरपुढे ठेवावयाचे व गव्हर्नरने त्यास पदावर कायम करावयाचे. एकदा कायम झालेल्या धर्मगुरूस हलविणे जवळजवळ अशक्य. म्हणून अनेक वेस्ट्रींनी नाव पुढे पाठविण्याचेच टाळले आणि धर्मगुरूला वर्षावर्षाच्या करारावर ठेवले. कंत्राटी नेमणुकांचे दुःख जाणणाऱ्या प्राध्यापकवर्गास हा डाव समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जॉर्ज वॉशिंग्टन व जॉर्ज मेसन हे दोघेही ट्रुरो पॅरिशच्या वेस्ट्रीचे सदस्य होते. पुढे स्वतंत्र राष्ट्राचा कारभार करणाऱ्या पिढीतील अनेकांनी हिशेब, मतदान व वाटाघाटी यांचे धडे वेस्ट्रीच्या टेबलाशी गिरविले होते.

स्वातंत्र्ययुद्धानंतर या व्यवस्थेस घटनात्मक रूप देण्याची वेळ आली. फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट यांनी १७८२ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध करून, बिशप मिळेपर्यंत न थांबता मंडळ्यांनी संघटित व्हावे व कारभारात प्रापंचिकांना धर्मगुरूंच्या बरोबरीने स्थान असावे, असे प्रतिपादन केले. कनेक्टिकटच्या धर्मगुरूंना हे रुचले नाही. मार्च १७८३ मध्ये वुडबरी येथे एकत्र येऊन त्यांनी प्रापंचिकांना वगळूनच आपला उमेदवार ठरविला. तो उमेदवार, सॅम्युएल सीबरी, नोव्हेंबर १७८४ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे बिशप झाला. १७८९ च्या महासभेत उभय पक्षांत तडजोड झाली. बिशपांचे सभागृह वेगळे करण्यात आले आणि धर्मगुरू व प्रापंचिक प्रतिनिधी यांचे दुसरे सभागृह कायम राहिले. आज प्रत्येक धर्मप्रांत या दुसऱ्या सभागृहात जास्तीत जास्त ४ धर्मगुरू व ४ प्रापंचिक पाठवू शकतो. मागणी झाल्यास दोन्ही वर्गांची मते स्वतंत्रपणे मोजली जातात व ठराव संमत होण्यासाठी दोहोंतही बहुमत लागते. म्हणजे प्रापंचिकांच्या हाती सल्ल्याचा नव्हे, तर नकाराचाही अधिकार आहे.

‘प्रापंचिक’ म्हणजे कोण?

हा इतिहास येथेच थांबविला तर तो गौरवगाथा ठरेल. वस्तुतः ज्यांना ‘प्रापंचिक’ म्हणून हा अधिकार मिळाला ते दीर्घकाळ गोरे, जमीनदार वा व्यापारी पुरुष होते. फिलाडेल्फियात १७९४ मध्ये कृष्णवर्णीयांनी उभारलेले सेंट थॉमस चर्च एपिस्कोपल पंथात दाखल झाले. आपल्या स्थानिक कारभारावर आपलेच नियंत्रण राहील व अ‍ॅब्सलोम जोन्स यांना उपासना चालविण्याची अनुज्ञा मिळेल, या अटी त्यांनी घातल्या व त्या मान्यही झाल्या. गुलामगिरीत जन्मलेले जोन्स हे आरंभी प्रापंचिक वाचक होते. १७९५ मध्ये त्यांना डीकनपदाची दीक्षा मिळाली. मात्र धर्मप्रांताच्या सभेत या पॅरिशला प्रतिनिधित्व दिले गेले नाही. आपल्या घरात मुखत्यार आणि पंक्तीत मात्र पान नाही, अशी ती अवस्था अनेक दशके टिकली.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच घडले. १८७१ मध्ये मिशनकार्यास साहाय्य करणारे महिला मंडळ स्थापन झाले आणि १८८९ मध्ये त्याने देशभरातील स्त्रियांच्या लहानलहान देणग्यांतून कृतज्ञता-निधी उभारण्यास प्रारंभ केला. पैसा उभा करावा, पण त्याच्या विनियोगावर मत देऊ नये, असा हा प्रकार होता. १९४६ मध्ये मिसूरी धर्मप्रांतातील एलिझाबेथ डायर यांना प्रतिनिधी म्हणून आसन मिळाले. मात्र १९४९ च्या महासभेने निवडून आलेल्या चार स्त्रियांना आसन नाकारले. घटनेतील ‘लेमन’ या शब्दात स्त्रियांचा समावेश होतो की नाही, यावर वाद घालण्यात आला. अखेर १९६७ मध्ये घटनादुरुस्ती मांडली गेली, १९७० मध्ये ती कायम झाली आणि ह्यूस्टनच्या महासभेत स्त्रिया रीतसर बसल्या. १९९१ मध्ये पामेला चिनिस या प्रापंचिक स्त्रीकडे प्रतिनिधी-सभागृहाचे अध्यक्षपद आले.

याच काळातील बार्बरा हॅरिस यांचे उदाहरण बोलके आहे. फिलाडेल्फियातील चर्च ऑफ द अ‍ॅडव्होकेटमध्ये २९ जुलै १९७४ रोजी ११ स्त्रियांना, पंथाची संमती नसताना, धर्मगुरुपदाची दीक्षा देण्यात आली. त्या मिरवणुकीच्या अग्रभागी क्रूस धरून चालणाऱ्या हॅरिस या पॅरिशच्या वॉर्डन होत्या आणि एका तेल कंपनीत जनसंपर्काचे काम पाहत. १९८९ मध्ये त्या जगातील अँग्लिकन परंपरेतील पहिल्या स्त्री बिशप झाल्या. त्यांच्या चरित्रात बिशपपदाचा उल्लेख प्रथम येतो व वॉर्डनपदाचा ओझरता. प्रापंचिकांचे नेतृत्व मानणाऱ्या पंथातही कर्तृत्वाचे माप दीक्षेनेच घेतले जाते, हे यावरून दिसून येते.

१९७९ चा प्रार्थनाग्रंथ : एका हाताने देणे

१९७९ मध्ये पंथाने आपला उपासनाग्रंथ, ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’, नव्याने स्वीकारला. त्यातील प्रश्नोत्तरीत चर्चचे सेवक कोण, याचे उत्तर देताना प्रापंचिकांचा उल्लेख सर्वप्रथम येतो. बिशप, धर्मगुरू व डीकन त्यानंतर. सेवेचा आधार दीक्षा नसून बाप्तिस्मा आहे, असा हा सिद्धान्त होय. आजवर कारभारापुरता असलेला प्रापंचिकांचा अधिकार येथे प्रथमच धर्मशास्त्रीय भूमीवर उभा राहिला.

परंतु याच ग्रंथाने प्रभूभोजन ही रविवारची मुख्य उपासना ठरविली. तोपर्यंत असंख्य पॅरिशमध्ये रविवारी प्रभातप्रार्थना होत असे आणि ती कोणीही प्रापंचिक चालवू शके. प्रभूभोजनाचा विधी मात्र धर्मगुरू वा बिशप यांच्यावाचून होत नाही. प्रापंचिकांना सिद्धान्तात अग्रस्थान देणाऱ्या ग्रंथाने व्यवहारात पॅरिशला धर्मगुरूवर पूर्वीपेक्षा अधिक अवलंबून ठेवले, असे म्हणणे भाग पडते. या मुद्द्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही.

वेस्ट्रीतील खुर्ची

आज पॅरिशचा सभासद पुढे येतो तो बहुधा वार्षिक सभेत. सामान्यतः वेस्ट्रीचे सदस्य तीन वर्षांसाठी निवडले जातात व दरवर्षी एक तृतीयांश जागा भरल्या जातात. मालमत्तेच्या व धर्मगुरूशी असलेल्या संबंधांच्या बाबतीत वेस्ट्री हीच पॅरिशची कायदेशीर प्रतिनिधी असते. उपासना व आध्यात्मिक बाबींचा अधिकार रेक्टरकडे, म्हणजे प्रमुख धर्मगुरूकडे, असतो. संस्थाचालक मंडळ व प्राचार्य यांच्याशी ही तुलना करण्याचा मोह होईल. पण येथे मंडळाच्या बैठकीचे अध्यक्षस्थान सर्वसाधारणपणे प्राचार्यच भूषवितो, एवढा फरक ध्यानात ठेवावा. रेक्टरला वेस्ट्री परस्पर काढू शकत नाही आणि रेक्टरही तिच्या संमतीवाचून पद सोडू शकत नाही.

रेक्टरचे पद रिक्त होते तेव्हा वॉर्डनची खरी कसोटी लागते. बिशपास कळविणे, उपासना खंडित होऊ न देणे, शोधसमिती नेमणे, पॅरिशची खरी स्थिती लिहून काढणे, हे सारे प्रापंचिकांवर येते. निवडलेले नाव बिशपाकडे पाठवून त्यास मत देण्यासाठी ६० दिवसांपर्यंत अवधी द्यावा लागतो. या मधल्या काळात, जो कित्येकदा वर्ष-दीड वर्ष चालतो, काही पॅरिश विस्कटतात, तर काहींना आपल्यात कोण वाचू शकतो, कोण आजाऱ्यांना भेटू शकतो, याचा शोध प्रथमच लागतो.

वेस्ट्रीबाहेरही वाटा आहेत. उपासना चालविणे, प्रवचन देणे, प्रभूभोजन आजाऱ्यांच्या घरी नेणे, धर्मशिक्षण देणे, यांसाठी बिशप प्रापंचिकांना ठराविक मुदतीचे परवाने देतो. टेनेसीतील सिवानी येथील विद्यापीठाने १९७५ मध्ये सुरू केलेला चार वर्षांचा ‘एज्युकेशन फॉर मिनिस्ट्री’ हा अभ्यासक्रम अनेकांना येथवर आणतो. तरीही वॉशिंग्टनमध्ये तीन दशकांहून अधिक काळ शाळेत इंग्रजी शिकविणाऱ्या व्हर्ना डोझियर (१९१७–२००६) यांचा आक्षेप येथे दुर्लक्षिता येत नाही. प्रापंचिकांची सेवा म्हणजे वेदीभोवतीची कामे वाटून घेणे नव्हे. ती शाळेत, कचेरीत, न्यायालयात घडावयाची असते, असे त्यांचे म्हणणे होते.

नेवाडाचा प्रयोग

१९६० च्या दशकाच्या मध्यास पंथाची सभासदसंख्या ३४ लाखांच्या घरात होती. २०२२ मध्ये ती १६ लाखांच्या आत आली. कोविडपूर्वी, २०१९ मध्येही, साधारण निम्म्या मंडळ्यांत रविवारची सरासरी उपस्थिती पन्नाशीच्या आसपास वा त्याहून कमी होती. एवढ्या देणगीत पूर्णवेळ धर्मगुरू पोसणे शक्य नसते.

नेवाडा धर्मप्रांताला हे फार आधी उमगले होते. १९७२ मध्ये तेथे बिशप झालेल्या वेस्ली फ्रेन्सडॉर्फ यांनी, चीनमध्ये काम केलेले मिशनरी रोलंड अ‍ॅलन (१८६८–१९४७) यांच्या विचारांचा आधार घेतला. बाहेरून पगारी धर्मगुरू आणण्याऐवजी प्रत्येक लहान मंडळीने आपल्यातूनच सेवक निवडावेत, त्यांचे स्थानिक पातळीवर शिक्षण व्हावे आणि त्यांतील काहींना विनावेतन धर्मगुरुपदाची दीक्षा द्यावी, अशी ही योजना होती. पुढे नॉर्दर्न मिशिगननेही हा मार्ग चोखाळला. मंडळ्या तगल्या, हे तिचे यश. परंतु जे प्रापंचिक सर्वांत पुढे आले त्यांनाच दीक्षा देऊन प्रापंचिकांच्या रांगेतून उचलले गेले. प्रश्न सुटला तो प्रापंचिकांचा नव्हे, धर्मगुरूंच्या तुटवड्याचा.

मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली, तेव्हा ठिकठिकाणी प्रभातप्रार्थना पडद्यावरून परतली व ती चालविणाऱ्यांत प्रापंचिकांचा भरणा मोठा होता. दारे उघडल्यावरही दोन-तीन पॅरिशांना मिळून एकच धर्मगुरू, ही व्यवस्था अनेक ठिकाणी आहे. ज्या रविवारी त्याची पाळी दुसरीकडे असते, त्या रविवारी वॉर्डन दार उघडतो, शास्त्रपाठ वाचतो, परवाना असल्यास प्रवचनही देतो. या उपासनेत पापकबुलीनंतर क्षमेचे वचन येते. धर्मगुरू ते उभा राहून उच्चारतो व मंडळीस उद्देशून ‘तुम्हांला’ म्हणतो. प्रार्थनाग्रंथातील सूचनेप्रमाणे प्रापंचिकाने मात्र तेथे गुडघे टेकूनच राहावयाचे असते आणि ‘तुम्हांला’ऐवजी ‘आपल्याला’ म्हणावयाचे असते.