एकाच ग्राहकावर विसंबलेला महसूल : एकूण आकड्यांआड दडलेली जोखीम कशी मोजतात?

कंपनीचा महसूल वाढत आहे, एवढ्यावरून तो सुरक्षित ठरत नाही. तो किती ग्राहकांकडून आणि कोणत्या प्रदेशांतून येतो, हेही पाहावे लागते. ब्रिटनमधील इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या चिप आरेखन क्षेत्रातील कंपनीला एप्रिल २०१७ मध्ये याचा प्रत्यय आला. तिचा सुमारे निम्मा महसूल अ‍ॅपलकडून येत होता. दोन वर्षांच्या आत तिचे तंत्रज्ञान वापरणे थांबवणार असल्याचे अ‍ॅपलने कळवले. ही माहिती जाहीर होताच कंपनीचा समभाग एका दिवसात ६० टक्क्यांहून अधिक कोसळला.

भारतात ‘इंड एएस १०८’ या लेखा मानकानुसार एखाद्या ग्राहकाकडून एकूण महसुलाच्या १० टक्के किंवा अधिक रक्कम येत असल्यास ती जाहीर करावी लागते. ग्राहकाचे नाव सांगणे मात्र बंधनकारक नाही. एकाच नियंत्रणाखालील कंपन्या एक ग्राहक मानल्या जातात. देशांतर्गत आणि परदेशातील महसूलही स्वतंत्रपणे दाखवावा लागतो. तथापि, हा १० टक्क्यांचा निकष संपूर्ण कंपनीला लागू होतो. प्रदेशनिहाय चित्र त्यातून स्पष्ट होतेच असे नाही.

उदाहरणादाखल, एका कंपनीचा वार्षिक महसूल १,००० कोटी रुपये असून त्यातील १०० कोटी पूर्व विभागातून येतात, असे समजू. तेथील एक ग्राहक ७० कोटींची, दुसरा २० कोटींची आणि तिसरा १० कोटींची खरेदी करतो. मोठ्या ग्राहकाचा एकूण महसुलातील वाटा ७ टक्केच असल्याने तो निकषाखाली राहतो. पूर्व विभागात मात्र त्याचा वाटा ७० टक्के आहे.

ही एकवट मोजण्यासाठी हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक उपयोगी पडतो. प्रत्येक ग्राहकाच्या टक्केवारीचा वर्ग करून बेरीज केली जाते. पूर्व विभागात ४,९००, ४०० आणि १०० मिळून हा निर्देशांक ५,४०० होतो. समान वाट्याचे दहा ग्राहक असते, तर तो १,००० असता. एकच ग्राहक असल्यास तो १०,००० या कमाल पातळीवर पोहोचतो.

निर्देशांक धोक्याची तीव्रता दाखवतो. नुकसानीचा अंदाज मात्र खर्चाच्या रचनेवरून येतो. पूर्व विभागात विक्रीनुसार बदलणारा खर्च ६० टक्के आणि स्थिर खर्च २५ कोटी असेल, तर १०० कोटींच्या विक्रीवर १५ कोटींचा नफा होतो. मोठा ग्राहक गेल्यास विक्री ३० कोटींवर येते, बदलता खर्च १८ कोटी होतो. पण गोदामाचे भाडे, वेतन असा स्थिर खर्च तसाच राहतो. परिणामी १३ कोटींचा तोटा होतो. त्या ग्राहकाकडील थकबाकी अडकल्यास रोखीची चणचण वेगळीच.

उलट बाजूही ध्यानात घ्यायला हवी. चार विभागांत प्रत्येकी ३० कोटींची खरेदी करणारा ग्राहक एखाद्या मोठ्या विभागात किरकोळ वाटतो. परंतु एकत्रित महसुलात त्याचा वाटा १२ टक्के असतो. त्यामुळे दोन्ही स्तरांवर मोजमाप आवश्यक ठरते.

मोठा ग्राहक असणे हा दोष नव्हे. त्याच्यामुळे विक्रीखर्च घटतो आणि उत्पादनाचे नियोजन सुलभ होते. मात्र कराराची उर्वरित मुदत, पर्यायी पुरवठादारांची उपलब्धता आणि त्या ग्राहकाची आर्थिक स्थिती या तीन बाबी तपासल्याशिवाय गुंतवणूकदाराने वा कर्ज देणाऱ्या बँकेने केवळ महसूलवाढीवर विसंबून राहणे योग्य ठरणार नाही.