जुनी पेन्शन कोणाला? जाहिरातीची तारीख तपासा

स्पर्धा परीक्षा देणारी आपली मुले पदाचे नाव आणि पगार पाहतात. पेन्शनचा विचार पंचविशीत कोण करतो? पण पेन्शनची पात्रता नोकरीच्या पहिल्याच दिवशी, किंबहुना त्याच्याही आधी ठरलेली असते.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नियुक्त झालेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 लागू आहेत. हीच ती जुनी पेन्शन. तिच्यासाठी पगारातून कपात होत नाही, मात्र किमान 10 वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. त्याहून कमी सेवा असेल तर मासिक निवृत्तिवेतन नाही, फक्त एकरकमी उपदान. त्या तारखेला किंवा नंतर लागलेल्यांना अंशदान योजना, म्हणजे आजची एनपीएस. यात मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के रक्कम कर्मचाऱ्याची, 14 टक्के शासनाची, आणि हाती काय येईल ते बाजारावर. 2024 मध्ये शासनाने शेवटच्या पगाराशी जोडलेले पर्यायही मंजूर केले. ते निवडण्याआधी शासन निर्णय स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर सही करू नका.

महापालिकांच्या तारखा वेगळ्या असू शकतात. मुंबई महापालिकेत ती 5 मे 2008 आहे.

आता आपल्या समाजाला थेट भिडणारा मुद्दा. जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची, पण शासकीय दिरंगाईमुळे नियुक्ती नंतरची, अशा कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन निवडण्याची एकवेळची संधी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2024 मध्ये घेतला. सुमारे 26 हजार कर्मचाऱ्यांचा हा प्रश्न होता. निर्णय योग्यच. पण ज्या राखीव जागांची जाहिरातच वेळेवर निघाली नाही, त्यांचे काय? अनुशेष वर्षानुवर्षे पडून राहिला, भरती उशिरा झाली, आणि उशिरा लागलेला उमेदवार जुन्या पेन्शनबाहेर गेला. दिरंगाई दोन्हीकडे शासनाचीच. एकाला भरपाई मिळाली, दुसऱ्याची नोंदसुद्धा नाही. कर्मचारी संघटनांच्या निवेदनांत हा मुद्दा आम्हाला क्वचितच दिसतो.

लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसा हक्काने लागलेल्या सफाई कामगारांचेही तसेच. बापाला जुनी पेन्शन, आणि तोच झाडू हातात घेणारा मुलगा 2005 नंतर लागला म्हणून नव्या योजनेत.

कंत्राटी कामगार तर या चर्चेतच नाहीत. एजन्सीमार्फत कितीही वर्षे राबले तरी ती सेवा पेन्शनसाठी धरली जात नाही, आणि अशा भरतीत आरक्षणही लागू होत नाही. नऊ एजन्सींमार्फत भरतीचा सप्टेंबर 2023 चा शासन निर्णय विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये रद्द झाला, तरी कंत्राटी पद्धत संपलेली नाही. म्हणून आदेश हातात पडला की आधी पाहा: पद मंजूर आहे का, नियुक्ती नियमित आहे की मानधनावर?

नोकरीत असलेल्यांनी भरतीची जाहिरात, निवड यादी, नियुक्ती आदेश आणि रुजू अहवाल यांच्या प्रती घरी जपाव्यात. सेवापुस्तक दरवर्षी मागून पाहावे. खंडित सेवा, बिनपगारी रजा आणि नामनिर्देशन या तीन नोंदी नीट वाचाव्यात. चूक दिसली तर लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी, कारण साहेब बदलले की तोंडी सांगितलेले कोणाला आठवत नाही.