वाफेचा फुकट जाणारा जोर

वसईचा उद्योग म्हणजे वालीव, गोखिवरे, सातिवली येथील गाळ्यांतले लहान कारखाने. त्यांपैकी बहुतेकांत बॉयलर नसतो. पण जेथे कापड रंगते, औषधे बनतात, तेथे वाफेवाचून पान हालत नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हे पाहावयास मिळते.

आता गंमत अशी. बॉयलरमध्ये वाफ समजा दहा बार दाबाने तयार होते. रंगाच्या हौदाला तीन बार पुरतात. मग मध्ये झडप बसवून दाब उतरवायचा. जोर गेला, काम मात्र काहीच झाले नाही! डोंगरावरचे पाणी खाली आणावे आणि वाटेत पाणचक्की लावू नये, तसे हे झाले.

झडपेच्या जागी लहान टर्बाइन व जनित्र बसविले, तर तासाला एक टन वाफेमागे साधारण 25 ते 30 युनिटे वीज मिळू शकते. वाफेतली शंभरात चारेक भाग उष्णता त्यात खर्ची पडते, बाकीची हौदाला मिळतेच. तेवढ्यापुरते इंधन जास्त लागते, फुकट काही नाही. डहाणूच्या वीजकेंद्रात टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करावी लागते व कोळशातली निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते. तेथे तिला गिऱ्हाईक नाही. कारखान्यात ते दाराशीच उभे आहे.

साखर कारखान्यांत ही रीत जुनीच. चिपाडे जाळून वाफ करायची, तिने आधी जनित्र फिरवायचे, उतरलेल्या वाफेवर रस आटवायचा. मुंबईच्या गिरण्यांनी मात्र 1915 साली खोपोलीची वीज आल्यावर वाफेची इंजिने हळूहळू मोडीत काढली. त्या काळी ते शहाणपणाचेच होते. 2003 च्या वीज कायद्याने स्वतःपुरती वीज करण्यास परवाना लागत नाही.

सगळीकडे हे जमेल असे मात्र नाही. वाफ घटकेत लागते, घटकेत थांबते, अशा ठिकाणी यंत्राचे पैसे निघत नाहीत.

आम्ही कामगारांच्या वतीने बोलणी करणारे. पगारवाढ मागितली की विजेचे बिल पुढे येते, हे आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. म्हणून आता आम्ही बॉयलरची नोंदवही मागतो: तासाला वाफ किती, दाब किती, झडपेपलीकडे किती? टर्बाइन बसणार असेल तर बॉयलर अटेंडंटला त्याचे शिक्षण व वरची श्रेणी, आणि बचतीतला वाटा, ही कलमे यंत्र येण्याआधी करारात लिहून घ्यावीत.