सागरप्रदक्षिणेंतील मुक्काम



गोदावरी आमच्या नाशिकजवळ उगम पावते, परंतु जवळचा समुद्र सोडून ती पूर्वेकडे तोंड करते. त्यामुळेंच कीं काय, आमच्या मुलांचा समुद्र पुस्तकांतलाच राहतो. 2013 सालीं भूगोलाच्या तासाला मी शिडाच्या नौकेंतून एकट्यानें केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेची हकीकत सांगत होतों. तेव्हां मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, दोंदेसाहेब वाटेंत चार ठिकाणीं थांबले होते ना? मग त्यांची प्रदक्षिणा मोडली नाहीं का?" श्रावणांतल्या तिसऱ्या सोमवारीं ब्रह्मगिरीची फेरी घालणारीं माणसें ज्यांच्या घरांत आहेत, त्यांनाच असा प्रश्न सुचावयाचा. मीं "नाहीं" असें उत्तर देऊन तास पुरा केला. कारण मात्र मला नीट सांगतां आलें नाहीं. तें आज सांगण्याचा विचार आहे.

भारतीय नौदलांतील कमांडर दिलीप दोंदे हे 19 ऑगस्ट 2009 रोजीं, नारळी पौर्णिमा होऊन चौदा दिवस झाल्यावर, मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010 रोजीं मुंबईसच परत आले. शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीभोंवतीं जाऊन येणारे ते पहिले भारतीय. या उपक्रमाची मूळ कल्पना निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. नौकेचें नांव 'म्हादई'. मांडवी नदीला तिच्या वरच्या अंगास हेंच नांव आहे. ही 56 फूट लांबीची नौका गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधली गेली. दोंदे यांचे मुक्काम चार: ऑस्ट्रेलियांतील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ले आणि दक्षिण आफ्रिकेंतील केपटाऊन.

आतां प्रदक्षिणा कशास म्हणावयाचें? जेथून निघावें तेथेंच परत यावें, सर्व रेखावृत्तें ओलांडावीं, विषुववृत्त ओलांडावें आणि एकंदर प्रवास निदान 21,600 सागरी मैलांचा व्हावा, असा सर्वमान्य दंडक आहे. हा आंकडा कोणी मनानें ठरविलेला नाहीं. वर्तुळाचे अंश 360, प्रत्येक अंशाचीं मिनिटें 60, आणि एका मिनिटाचें अंतर म्हणजे एक सागरी मैल. गुणाकार करून पाहावा. न थांबतां केलेली प्रदक्षिणा हा त्याहून कठीण असा निराळा प्रकार आहे. मुलाच्या प्रश्नाचें नियमापुरतें उत्तर येथेंच संपतें. परंतु थांबावें लागतें कां, हा भाग खरा समजून घेण्यासारखा आहे.

समुद्रावर नौकेची झीज अखंड चालू असते. दोर एकाच ठिकाणीं घांसत राहतो. बोटभर जागेंतील हें घर्षण महिनाभर चाललें म्हणजे जाड दोरहि तेथें पिंजतो. उन्हानें शिडाचा धागा कुजतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा वरून धडधाकट दिसतात, पण टोंकाशीं, जेथें त्या अडकविलेल्या असतात तेथें, आंतला एखादा पदर तुटलेला असतो. तो पाहण्यासाठीं डोलकाठीवर चढावें लागतें, आणि लाटांवर डुलणाऱ्या काठीच्या शेंड्यावर एकट्या माणसानें चढणें म्हणजे काय, हें आपण घरीं बसून कल्पनेनेंच जाणावें. खाऱ्या दमट हवेनें विजेच्या जोडांना गंज चढतो. तळाला शिंपले चिकटून वेग मंदावतो. सुकाणूवर तर रात्रंदिवस भार. एकटा नाविक तुकड्यातुकड्यांनीं झोंपतो, तेव्हां सुकाणू धरण्याचें काम यंत्राकडे असतें. तें यंत्र बिघडलें कीं झोंपहि गेली.

आणि खोल समुद्रांत नांगर टाकतां येत नाहीं, कारण तळ सांपडत नाहीं. लिटल्टनहून पोर्ट स्टॅन्लेला जातांना सुमारे 5000 सागरी मैल एकहि सोयीचें बंदर नाहीं, आणि वाटेंत केप हॉर्न! तेथें कमकुवत तार घेऊन जाणें हें धाडस नव्हे, निष्काळजीपणा होय. म्हणून बंदरांत आल्यावर विश्रांति दूरच, पाहणीच सुरू होते. शिवाय घड्याळ चालूच असतें. केप हॉर्न दक्षिणेकडील उन्हाळ्यांत, म्हणजे साधारणपणें डिसेंबर ते फेब्रुवारींत, ओलांडावें हें बरें. दुरुस्ती लांबली तर पुढें हिवाळा गांठणार, आणि घाईनें उरकली तर भर समुद्रांत तेंच काम पुन्हां करावें लागणार. या दोहोंमधील निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

न थांबणाऱ्याला दुरुस्ती चुकत नाहीं, एवढें मात्र मुलांनीं ध्यानांत ठेवावें. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे एकट्यानें व न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले गृहस्थ. त्यांची 32 फुटी 'सुहेली' आपल्या मुंबईंतच, सागवानी लाकडाची, बांधलेली. 14 जून 1968 रोजीं ते इंग्लंडांतून निघाले. शर्यतीच्या अटीप्रमाणें बंदरांत शिरून मदत घेण्यास मनाई होती. नौकेस गळती लागल्यावर त्यांनीं भर समुद्रांत बुडी मारून, फळ्यांच्या सांध्यावर कापूस शिवलेली कॅनव्हासची पट्टी खिळ्यांनीं ठोकली व वरून तांब्याचा पत्रा बसविला. मध्यें शार्क आला, त्यास बंदुकीनें मारावें लागलें. पुढें आपोआप सुकाणू धरणारी योजना मोडली. न्यूझीलंडच्या ओटागो बंदरापाशीं नौका वाळूंत रुतली, तेव्हांहि त्यांनीं कोणाचा हात लागूं दिला नाहीं. निघालेल्या नऊ जणांपैकीं 22 एप्रिल 1969 रोजीं परत पोंचणारे ते एकटेच.

याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याजवळ, 2006 सालीं ते दुसऱ्या एका शर्यतीस निघत असतां, दोंदे यांनीं तयारीच्या कामांत हात घालून शिक्षण घेतलें. आणि दोंदे यांच्या सफरींत किनाऱ्यावरून साहाय्य करणारे अधिकारी होते अभिलाष टॉमी. त्याच 'म्हादई'ला घेऊन टॉमी 1 नोव्हेंबर 2012 रोजीं मुंबईहून निघाले आणि कोठेंहि न थांबतां 31 मार्च 2013 रोजीं परत आले. माझ्या मतें मुलाच्या प्रश्नाचें खरें उत्तर हें आहे. चार बंदरांत नौकेचा एकेक सांधा तपासला गेला, तेव्हां कुठें तिला एकहि बंदर न घेतां नेतां आलें.

सर्वच मोडतोड हातानें सांधतां येत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. 2018 सालच्या शर्यतींत याच टॉमींच्या नौकेची डोलकाठी हिंदी महासागरांतील वादळांत मोडली, पाठीस जबर दुखापत झाली, आणि फ्रेंच जहाज 'ओसिरिस'नें त्यांना सोडविलें. त्याच वर्षीं नौदलाच्या सहा महिला अधिकारी, वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं, 'तारिणी' नौकेंतून प्रदक्षिणा पुरी करीत होत्या. त्यांचेहि ठरलेले मुक्काम तेच चार. परंतु केपटाऊन सोडल्यावर सुकाणूंत बिघाड झाला, तेव्हां त्या मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत शिरल्या, सुकाणू दुरुस्त करून घेतलें आणि 21 मे 2018 रोजीं गोव्यास पोंचल्या.