शेकाचे मशीन आणि त्यातली चिप

कॅन्सरच्या रुग्णाला बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलात किंवा सोलापूरला 'शेक' घ्यायला पाठवले, की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, ते मशीन म्हणे कॉम्प्युटरच चालवतो. तो चुकला तर?" हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही.

थेरॅक-२५ नावाच्या मशीनने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यांपैकी किमान तिघे दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीचे किरण अडवणारी स्वतंत्र व्यवस्था होती. नव्यात ती काढून सगळा भरवसा प्रोग्रामवर टाकला. टेक्सासमधील टायलर येथे मार्च १९८६ मध्ये पडद्यावर नुसते 'मालफंक्शन ५४' उमटले. असले संदेश नेहमीचेच, म्हणून ऑपरेटरने मशीन पुढे चालू केले. आत रुग्ण भाजत होता आणि खोलीतला कॅमेरा व आवाजाची सोय, दोन्ही त्या दिवशी बंद!

हल्ली अनेक वैद्यकीय यंत्रांत एफपीजीए नावाची चिप असते. साध्या चिपची आतली जोडणी कारखान्यातच कायमची ठरते. हिची नंतरही बदलता येते. उसाला दारे धरणारा गडी खोऱ्याने एक दार बुजवून दुसरे उघडतो ना, तसेच. दोष सापडला तर चिप न काढता दुरुस्ती होते, ही सोय मोठीच. पण उंदराने बांध पोखरावा तसा अवकाशातून आलेला एखादा सूक्ष्म कण यातल्या काही प्रकारांत जोडणीच बिघडवू शकतो.

त्यामुळे नुसती 'चिप पास' म्हणून भागत नाही. आतली जोडणी कोणती, ती कशी तपासली, बिघडली तर मशीन आपोआप बंद पडते का, हे सगळे पाहावे लागते. जोडणी बदलली की तपासणी पुन्हा. जिवाशी खेळ असेल तिथे दोन चिपा एकमेकींवर नजर ठेवतात आणि किरण तोडणारी व्यवस्था वेगळी असते.

आपल्याकडे १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ शेकाच्या मशीनचे मॉडेल मंजूर करते आणि ते चालवायला प्रत्येक रुग्णालयाला वेगळा परवाना देते. शिवाय किरणांची मात्रा प्रत्यक्ष मोजणारा भौतिकतज्ज्ञ तिथे असावाच लागतो. कागदांपेक्षा माझा भरवसा या मोजणीवर जास्त.

तेव्हा भीतीपोटी शेकाचे दिवस चुकवू नका. मध्ये खंड पडला तर गाठीला पुन्हा वाढायला सवड मिळते. शेक चालू असताना सहसा काहीच जाणवत नाही. चटका किंवा झटका बसला तर लगेच हाक मारा, हात वर करा. बाहेरचा माणूस कोणत्या कॅमेऱ्यातून पाहतो, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.