जुन्या मोटारीचे सुटे भाग व विश्वासू दुकानदार

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या दिवशीं शाळेच्या पटांगणांत एक जुनी मोटार उभी होती, हें आमच्या विद्यार्थ्यांस आठवत असेलच. पाठ फुगीर, नाकाड पुढें आलेलें आणि पुढचीं दारें उलट्या बाजूनें उघडणारीं, अशी ती गाडी पाहावयास मुलांनीं इतकी गर्दी केली कीं, बक्षीससमारंभास पाव तास उशीर झाला. ही गाडी अमरावतीच्या आमच्या एका डॉक्टर स्नेह्यांची. तिचें लोकप्रसिद्ध नांव ‘डुक्कर फियाट’ असें आहे. नांव गोड नाहीं खरें. पण गाडीचा आकार पाहिल्यावर तें कोणासहि पटतें. त्या दिवशीं पुष्कळ प्रश्न विचारले गेले, परंतु नववीच्या एका मुलाचा प्रश्न आमच्या मनांत राहून गेला. तो म्हणाला, “सर, ही गाडी करणारा कारखानाच बंद झाला, तर हिचा एखादा भाग मोडल्यावर तो कोण देणार?” त्या गर्दींत त्याला नीट उत्तर देतां आलें नाहीं, तें येथें देण्याचें योजिलें आहे. या गाडीच्या जीर्णोद्धारांत तीन वर्षें आम्ही डॉक्टरांचे कारकून झालों होतों. पत्रें लिहिणें, पावत्या जपणें, मापें टिपून ठेवणें हें काम आमच्याकडे असे. त्या कामांत आम्ही एकदां पैशानें फसलों, आणि एकदां जिवावर बेतलें.

सुटे भाग शोधावयाचे तर प्रथम गाडीचें कूळ ठाऊक पाहिजे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि मुंबईस कुर्ला येथें तिचा कारखाना उभा राहिला. आरंभीं तेथें अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ वगैरे गाड्या जोडल्या जात. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार होऊन १९५४ च्या सुमारास ‘फियाट ११००’ निघूं लागली. तीच आमची डुक्कर फियाट. तिच्या इंजिनांत चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. यावरून इंजिनाचें घनफळ १०८९ घन सेंटिमीटर येतें. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. पुढें गाडीचें बाहेरचें रूप बदलत गेलें, १९७४ सालीं तिला ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें आणि २००० सालच्या सुमारास ती निघावयाची बंद झाली. पण या साऱ्या काळांत १०८९ चें इंजिन घराण्यांत राहिलें. म्हणून डुक्कर फियाटच्या इंजिनाचे पुष्कळ भाग पद्मिनीच्या भागांशीं जुळतात. सर्व जुळतात असें मात्र नव्हे, आणि पत्र्याच्या, कांचेच्या व दारांच्या बाबतींत तर कांहींच जुळत नाहीं.

मुंबईंत काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून पद्मिनी धांवत होत्या, तोंवर त्यांच्या भागांस नित्य गिऱ्हाईक होतें. त्यांतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली. ज्या मालाला गिऱ्हाईक नाहीं तो माल दुकानदार मागवीत नाहीं, आणि जो पडून आहे तो एक तर मातीमोलानें विकतो किंवा सोन्याच्या भावानें. खरेदी करणाऱ्याची परीक्षा येथेंच सुरू होते.

मुंबईस ऑपेरा हाऊसच्या आसपास व कुर्ल्यास, पुण्यास नाना पेठेंत, दिल्लीस काश्मिरी गेटपाशीं मोटारीच्या भागांचे मोठे बाजार आहेत. वऱ्हाडांतून तेथें वारंवार जाणें परवडत नाहीं. म्हणून माल बहुधा न पाहतां मागवावा लागतो, आणि भिस्त काय ती माणसाच्या शब्दावर. हा शब्द पारखावा कसा? आम्हांस अनुभवानें एक खूण सांपडली आहे. चांगला दुकानदार आधीं प्रश्न विचारतो. गाडी कोणत्या सालची, चासिस क्रमांक काय, जुना तुकडा हातीं आहे काय, असल्यास त्याचें माप व फोटो पाठवाल काय, असें तो विचारील, आणि इतकें करून पुष्कळदां “हा भाग मजपाशीं नाहीं” असेंहि सांगेल. ‘नाहीं’ म्हणतां येणारा दुकानदार मिळाला कीं त्याचें नांव वहींत लिहून ठेवावें. उलट जो कांहींहि मागितलें तरी “आहे, आहे, सर्व गाड्यांना चालतो” असें म्हणतो, त्याच्यापासून दूर राहिलेलें बरें.

‘सर्व गाड्यांना चालतो’ हें वाक्य किती पोकळ आहे, तें एका साध्या बोल्टावरून दिसतें. इटालियन फियाटचे आटे मिलिमीटरच्या मापाचे, अँबॅसडरचे व जीपचे इंचांच्या मापाचे, आणि त्याहूनहि जुन्या इंग्रजी गाड्यांचे व्हिटवर्थ पद्धतीचे. इंचाचा बोल्ट मिलिमीटरच्या भोकांत दोन-तीन फेरे जातो, मग अडतो. घाईचा मिस्त्री पान्यानें जोर करतो आणि जुन्या ॲल्युमिनिअमचे आटे कायमचे कापले जातात. दोन रुपयांच्या बोल्टापायीं असें एक झाकण वांयां गेलेलें आम्हीं पाहिलें आहे.

मापाची हीच गोष्ट पिस्टनची. इंजिन झिजलें कीं सिलिंडर आंतून कोरून मोठा करतात व त्या मापाचा मोठा पिस्टन बसवितात. ६८ चा सिलिंडर ६८.४ केला, तर पिस्टनवर ०.४ असा आंकडा असावा लागतो. (त्या वेळीं घनफळ १०८९ चें ११०२ होतें, तेंहि पाहावें.) डब्यावर कांहींहि छापलेलें असो, पिस्टन हातीं आल्यावर तो मायक्रोमीटरनें मापल्याशिवाय ठेवून घेऊं नये, कारण येथें मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागांचाच प्रश्न असतो. जो दुकानदार “मापून पाहा, जुळला नाहीं तर परत पाठवा” असें पावतीवर लिहून देतो, त्याला चार पैसे अधिक द्यावेत.

आतां आमच्या फजितीकडे वळूं. एका दूरच्या विक्रेत्याकडे पुढच्या दिव्यांच्या क्रोमच्या कड्या असल्याचें कळलें. फोटो सुरेख होता. आम्हीं पूर्ण रक्कम आगाऊ पाठविली. कड्या आल्या त्या दुसऱ्याच गाडीच्या, आणि त्यांवरचा मुलामा पहिल्या पावसाळ्यांतच सुटला. क्रोमखालीं तांब्याचा व निकेलचा थर असावा लागतो; तो वगळला कीं काम स्वस्तांत होतें आणि लवकर गंजतें. विक्रेत्यास तीन पत्रें लिहिलीं, एकाहि पत्राचें उत्तर नाहीं. असो. ही पैशाची गोष्ट झाली.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती सविस्तर सांगितली पाहिजे. ब्रेकच्या चारहि चाकांतील सिलिंडरांना लहान रबरी वाट्या असतात. पॅडल दाबलें कीं नळ्यांतील द्रव या वाट्यांना ढकलतो आणि ब्रेक लागतो. द्रवावरील दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा पास्कलचा नियम आमचे विद्यार्थी पाठ म्हणतात. या नियमाची दुसरी बाजू अशी कीं, जुन्या गाडींत चारी चाकांस मिळून द्रवाचा मार्ग एकच असल्यामुळें एका ठिकाणीं गळती झाली तर दाब सगळीकडचाच जातो. आम्हांस एका दुकानीं या वाट्या मूळच्या कागदी पाकिटांत, मोहरबंद अशा मिळाल्या. पाकिटावरची छपाई जुनी, वाटी काळी कुळकुळीत. अस्सल माल सांपडला म्हणून आम्ही हर्षभरित झालों, आणि डॉक्टरांनीं शंका काढली असतां आम्हींच त्यांची समजूत घातली.

पुढच्या मे महिन्यांत गाडी परतवाड्यावरून चिखलदऱ्यास नेली. चढतांना कांहीं जाणवलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं उतरतांना, एका वळणाच्या थोडें अलीकडे, डॉक्टरांचें पाऊल पॅडलासकट थेट तळाला टेकलें. मागें त्यांची पत्नी व आमची धाकटी मुलगी बसलेल्या होत्या. डॉक्टरांनीं धीर सोडला नाहीं. त्यांनीं गिअर खालीं घेतला, हातब्रेक ओढला (तो द्रवावर चालत नाहीं, हें देवाचे उपकार) आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरांत घातली. पुढचा दिवा फुटला. माणसांना खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मुलगी मात्र घरीं पोंचेपर्यंत आमचा हात धरून होती.

गाडी ओढून अकोल्यास एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनीं चाक उघडून वाटी काढली आणि बोटांत वांकवून आमच्यापुढें धरली. तिच्या ओठावर केंसासारख्या असंख्य भेगा होत्या. मिस्त्री म्हणाले, “मास्तर, लोखंड ठेवलं तं टिकते, रबर ठेवलं तं मरते.” पाकीट खोटें नव्हतें. माल अस्सलच होता, पण पाकिटांत पडल्यापडल्या त्याचें रबर कडक होऊन गेलें होतें. दुकानदार खोटें बोलला नाहीं, एवढेंच कीं जें त्याला ठाऊक असावयास हवें होतें तें त्यानें सांगितलें नाहीं, आणि जें आम्हीं विचारावयास हवें होतें तें आम्हीं विचारलें नाहीं. दोष निम्मा त्याचा, निम्मा आमचा. आणि मागच्या बाकावर मुलगी बसली होती हें आठवलें म्हणजे आमचा वांटा निम्म्याहून मोठा वाटतो.

त्या दिवसापासून आमचा नियम असा कीं, पोलादाचा, पितळेचा किंवा कांचेचा भाग जुन्या शिलकेंतला मिळाला तर आनंदानें घ्यावा. रबराचा भाग, मग तो ब्रेकची वाटी असो, नळी असो वा पेट्रोलची पाइप असो, नवाच घ्यावा, आणि तो केव्हां तयार झाला हें दुकानदारास विचारावें. ब्रेकचा द्रवहि बंद डब्यांतलाच हवा. तो हवेंतील ओलावा शोषून घेतो. उष्णतेनें त्या पाण्याची वाफ होते, वाफ दबते, आणि पॅडल पुन्हां तळाशीं जातें.

भंगारवाल्यांकडून घेतलेले भाग हा निराळाच विषय आहे. त्यांच्याकडे दारें, बंपर, कांचा असें पुष्कळ मिळतें, आणि त्यांत प्रामाणिक माणसेंहि पुष्कळ असतात. दार घ्यावयास जातांना खिशांत एक लोहचुंबक ठेवावा. रंगाखालीं पत्रा असेल तर तो चिकटतो. लांबी भरून खड्डे झांकले असतील तेथें पकड सुटते. पावतीवांचून कांहीं घेऊं नये. चोरीचा माल आहे असें माहीत असतां, किंवा तसें मानण्यास कारण असतां, तो घेणें हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. अख्खें इंजिन घेतल्यास त्याचा क्रमांक कागदपत्रांशीं ताडून पाहावा, आणि बदल नोंदणींत चढवून घ्यावा.

मूळचा भाग कीं नुसता जुळता भाग, या प्रश्नास २०२१ पासून एक सरकारी बाजूहि आली आहे. त्या वर्षींच्या जुलैंत केंद्र सरकारनें ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र नोंदणी सुरू केली. वाहन मूळ स्वरूपांत असावें, त्याची चासिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा, अशी तींत अट आहे. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, फेरनोंदणीस ५,००० रुपये. मुदत दहा वर्षें, आणि क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें. अशी गाडी प्रदर्शनास वा रॅलीस न्यावी, नित्याच्या कामास नव्हे. डॉक्टरांनीं अद्याप तशी नोंदणी केलेली नाहीं. चिखलदऱ्याचा मोह सुटत नाहीं, असें ते म्हणतात!

जो भाग कोठेंच मिळत नाहीं त्याचें काय? तो करवून घ्यावा लागतो, आणि येथें आमचा वऱ्हाड कोणास हार जात नाहीं. आमच्याकडे कापसाचे जिन-प्रेस आहेत म्हणून लेथ चालविणारे, बुश कोरणारे, ओतकाम करणारे कसबी लोकहि आहेत. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची ‘शकुंतला’ आमच्या पालकांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल. तिचें मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढीत होतें. इतकीं वर्षें यंत्र चालतें तें हातांच्या बळावर. डॉक्टरांच्या गाडीचे पुढच्या चाकांजवळचे बुश बाजारांत मिळाले नाहींत, ते अकोल्याच्या त्याच मिस्त्रींच्या ओळखीनें एका लेथवाल्यानें गनमेटलचे करून दिले. त्यानें जुना बुश ठेवून घेतला, पिन मापली, आणि चार दिवसांनीं या असें सांगितलें. चार दिवसांनीं गेलों तर म्हणाला कीं, पहिला जोड अंमळ सैल झाला म्हणून टाकून दिला, उद्यां या. आम्ही मुकाट्यानें परत आलों. त्याचें नांव वहींत लिहिलेलें आहे.

सध्यां डाव्या दाराच्या कांचेभोंवतींची रबरी पट्टी अडली आहे. नवी पट्टी करून देणारा एक दुकानदार पुण्यास सांपडला आहे. पण जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा हातीं आल्याशिवाय पैसे घेणार नाहीं, असें त्यानें कळविलें आहे. तुकडा गेल्या सोमवारीं टपालानें रवाना केला.