जुन्या मोटारीचे वय कसे ठरते?

माणसाचे वय जन्मनोंदीत पाहता येते, शाळेच्या दाखल्यावरून पडताळता येते. चार-पाच मालकांच्या हाती गेलेल्या जुन्या मोटारगाडीचे वय मात्र निरनिराळ्या ठिकाणी शोधावे लागते, आणि ही ठिकाणे एकमेकांशी सहमत असतातच असे नाही. हा शोध बराच काळ हौशी मंडळींपुरता होता. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत सुधारणा करून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांच्या स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली आणि गाडीच्या वयाला कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आले.

बाह्यरूपावरून केलेला अंदाज बहुधा फसतो. दिवे, मडगार्ड, बंपर, आसने हे सारे बदलता येते आणि जुन्या गाडीत ते बदललेले असतेच. अमेरिकन कारखान्यांची तर रीतच अशी की, पुढील वर्षाचे मॉडेल आदल्या वर्षाच्या शरद ऋतूत बाजारात यावयाचे. ‘१९३८ चे मॉडेल’ म्हणून विकलेली गाडी १९३७ मध्ये तयार झालेली असू शकते.

धातूवर ठोकलेला क्रमांक हा अधिक भरवशाचा पुरावा. १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटी संख्येने तयार झालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा क्रमांक इंजिनावर डाव्या अंगाला ठोकलेला असे. कोणत्या दिवशी कोणत्या क्रमांकाची इंजिने तयार झाली, हे कारखान्याच्या नोंदवह्यांत लिहिलेले आहे. परंतु ती तारीख इंजिनाची, गाडीची नव्हे. तयार झालेले इंजिन दूरच्या शाखेत पाठवून तेथे काही आठवड्यांनी गाडीवर चढविले जाई. पुढे ते बदलले गेले तर गाडीचे वयच बदलल्यासारखे दिसे. शिवाय हिंदुस्थानात येणाऱ्या फोर्ड गाड्या प्रामुख्याने कॅनडातील कंपनीकडून येत. त्यांचा क्रमांक डेट्रॉइटच्या वहीत शोधणे म्हणजे शेजारच्या गावच्या दप्तरात आपला सातबारा शोधण्यासारखे आहे.

राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस गाड्यांत घोटाळा निराळा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ही कंपनी केवळ चासी व इंजिन पुरवी. वरची बॉडी बार्कर, हूपर यांसारख्या कारागिरांच्या पेढ्या बांधत. जुन्या चासीवर काही वर्षांनी नवी बॉडी चढविण्याचीही चाल होती. अशा गाडीचे वय चासीवरून धरतात. प्रत्येक चासीचे कार्ड कारखान्याने ठेवले होते आणि त्यावर पहिल्या ग्राहकाची नोंदही असे.

आपल्याकडे जुळविलेल्या गाड्यांना तर तीन तारखा असतात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यात काम सुरू केले. सुटे भाग परदेशात तयार झाले तो दिवस, येथे गाडी उभी राहिली तो दिवस आणि तिची नोंदणी झाली तो दिवस, हे तिन्ही वेगळे. २०२१ च्या नियमांनी यांपैकी पहिल्या नोंदणीचा दिवस प्रमाण मानला आहे.

साहजिकच शोध दप्तरापाशी येतो. ‘एमएच’ ही अक्षरे व त्यापुढे कार्यालयाचा दोन अंकी क्रमांक ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या अंमलाबरोबर, म्हणजे १९८९ पासूनची. १९५५ च्या फियाटवर ‘एमएच १२’ दिसले, तर तिची पुण्यात पुन्हा नोंदणी झाली एवढेच कळते. मूळ नोंद अन्यत्र असणार. त्यात प्रांतांच्या सीमाही हलल्या. नागपुरातील १९४५ ची नोंद मध्यप्रांत व वऱ्हाडच्या अमलातील, औरंगाबादची निजामाच्या राज्यातील, कोल्हापूरची संस्थानी काळातील, तर गोव्याची १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलातील. आर. सी. बुकातील जुन्या मालकांची नावे, हस्तांतराच्या तारखा, इंजिन बदलल्याची नोंद यांना म्हणूनच मोल आहे. जीर्ण झालेले पुस्तक नवे मिळाले म्हणून फेकून देणारा मालक आपल्याच गाडीचा इतिहास फेकीत असतो.

सुटे भाग आणि इतिहास यांत तंटा उभा राहिला तर निवाडा कसा व्हावा? इंग्लंडमध्ये १९९० साली हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स गाडी १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत जिंकली होती. पुढे शर्यतींसाठी ती पुन्हा पुन्हा बांधली गेली. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसविले होते. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मृत्युमुखी पडला. त्यानंतर तिला बंदिस्त बॉडी चढली. १९९० मध्ये तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला. पण ही खरी ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच, असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली.

न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडीचा एकेक भाग तपासला. १९३० च्या विजयी गाडीचे किरकोळ भागच तीत उरले होते. चासी व इतर बरेच भाग १९३२ च्या बांधणीचे होते. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. दर वेळी दुरुस्ती झाली ती याच गाडीची. मधल्या काळात ती नष्ट झाली नाही, किंवा तिची जागा दुसऱ्या गाडीने घेतली नाही. तिचा इतिहास अखंड असल्याने तीच अस्सल होय, असे न्यायालयाने मानले.

आपले नियम याहून कडक आहेत. गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांची अट आहे; या कसोटीवर ‘ओल्ड नंबर वन’ टिकली नसती. अर्जासोबत विम्याचे कागद, आयात गाडी असल्यास सीमाशुल्काचा दाखला आणि भारतात आधी नोंदलेल्या गाडीचे जुने नोंदणीपत्र द्यावे लागते. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये. नोंदणी दहा वर्षांची असते आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या अथवा धंद्याच्या वापरासाठी नाही.